सव्वा मूठ

मायची मूठ हवेतच थांबली, आणि आपण बोलायला नको होतं हे चैतालीला तेव्हाच कळलं. पण तोंडातून शब्द गेला तो गेला. श्रावणातला शनिवार होता. उद्या घरात कानबाई, खानदेशची देवी, बसणार, म्हणून माय सकाळीच गव्हाचा डबा पुढ्यात ओढून, मांडीशी सूप घेऊन खाली बसली होती. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू. एक भरलेली मूठ, वर पाव मूठ. ज्याची मूठ त्याचं नाव घ्यायचं, गहू सुपात सोडायचे, तेच दळायचे आणि त्याच पिठाचे कानबाईचे रोट करायचे. अमळनेरकडून उधन्याला येऊन मायचं उभं आयुष्य गेलं, सुरतेनं तिच्याकडून भाषा सोडून बाकी पुष्कळ काही घेतलं, पण ही मूठ तिनं कुणाला दिली नव्हती. गेले काही महिने मायचं विसरणं वाढलं होतं. गॅस बंद केला की नाही, जेवली की नाही, आज वार कोणता. पण मुठी ती घेत होती. पहिली मूठ भरून ती दरवर्षीसारखंच म्हणाली, "चैतालीना बाप." नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं, म्हणून आप्पांची मूठ थोरल्या लेकीच्या नावानं. आणि चैताली, जेवणाच्या डब्यात पोळी घडी करून ठेवता ठेवता, अगदी सहज, हिशेबातली चूक दाखवावी तशी म्हणाली, "माय, आप्पा आते नही शेत ना."

माय रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिनं मुठीकडे पाहिलं, मग चैतालीकडे, मग भिंतीवरच्या खिळ्याकडे, जिथं आप्पांचा मिलचा शर्ट लटकायचा. "मंग हाई कोनी मूठ शे?" तिनं विचारलं. "राकेशनी घे," चैताली म्हणाली. राकेश म्हणजे धाकटा भाऊ. मायनं ओठ हलवले, नाव आलं नाही. पुन्हा सुरुवातीपासून धरायला गेली तर सुरुवातच नव्हती. नातवाचं नाव, दिराचं नाव, काही नाही. मूठ सैल झाली, गहू डब्यात परत पडले. मग मायनं पदर सारखा केला आणि दारात आलेल्या पाहुणीला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "तुमी कोना घरन्या, बाई?"

हे 'तुमी' दिवसभर चैतालीच्या कानात बसून राहिलं. शेजारच्या सुंदराकाकू मायजवळ येऊन बसल्या, "जा तू, मी शे आठे," म्हणाल्या, आणि ती पांडेसऱ्याच्या रिक्षात बसली तरी तिला वाटत होतं आपण अजून दारातच उभ्या आहोत आणि आपल्याला कुणी आत बोलावत नाहीये. चाळिशी गाठलेल्या बाईला आईनं ओळखलं नाही म्हणून एवढं पोरकं वाटावं का, असं तिनं स्वतःला दटावून पाहिलं. दटावून काही उपयोग झाला नाही. पोरकं वाटत होतं ते वाटतच राहिलं. रिक्षात समोरचा माणूस मोबाइलवर भाव विचारत होता, बाहेर मिलच्या चिमण्यांचा धूर पावसाळी ढगात मिसळत होता आणि ओल्या कापडाचा, रंगाचा, वाफेचा तो वास आला, जो आला की लहानपणी माय म्हणायची, आज तुन्हा बाप येई ऱ्हायना. आप्पा इथल्याच एका मिलमध्ये रंगाच्या खोलीत होते. हातांवर कधी निळं, कधी डाळिंबी घेऊन घरी यायचे, आणि माय त्या बोटांकडे बघून आज कोणत्या साड्या निघाल्या ते सांगायची. हे तिला आजही सांगता येतं. काल जेवणात काय होतं ते येत नाही. डॉक्टरांनी या प्रकाराला एक लांबलचक नाव दिलं होतं. राकेशनं ते पाठ केलं होतं आणि फोनवर वारंवार वापरत होता.

राकेश बारडोलीला साखर कारखान्याच्या कचेरीत. घर नवं, पुढे अंगण, मागे पेरूचं झाड, बायको चंचल खरोखरच मायाळू. उद्या तो पोराला, प्रज्ञेशला, घेऊन कानबाईला येणार होता, आणि परवा कानबाईला तापीत पोचवून झालं की मायला कायमचं बारडोलीला नेणार होता. मायची पिशवी पलंगाखाली भरून ठेवलेली होती. चैतालीनंच भरली होती. "या खोल्यांत जुन्या गोष्टींची गर्दी झालीय तिच्या डोक्यात," राकेश म्हणाला होता. "नवी जागा, मोकळी हवा. जरा डोकं रिकामं होईल, मग नवं काही राहील तरी." त्याचं बोलणं समंजस होतं. दिवसभर ती कामावर. सुंदराकाकू किती करणार? तिनं हो म्हटलं होतं. हो म्हटल्यावर तिला त्या रात्री आधी हलकं वाटलं आणि मग हलकं वाटल्याची लाज वाटली.

ती ज्या प्रोसेस मिलच्या कचेरीत डेटाबेस सांभाळते तिथं पोचली तर मॅनेजर योगेंद्रभाई तिच्या खुर्चीमागे आधीच उभे. माणूस सज्जन, पण सर्व्हरच्या आलेखाकडे बघायची त्यांना खोड होती, आणि लाल रंग दिसला की त्यांचा चहा थंड होई. "चैतालीबेन, आ जुओ ने. छन्नूं टका! मेमरी तो फुल थई गई." त्यांचं घाबरणं उगीच नव्हतं. या आठवड्यात दोनदा भर दुपारी सगळ्यांच्या कॉम्प्युटरचे पडदे एकदम मेले होते. माल भरलेले टेम्पो फाटकात अडकले, ड्रायव्हरांनी वर येऊन आरडाओरडा केला. राखीच्या आधीचे दिवस, साड्यांना उसंत नाही. "रीस्टार्ट मारी दईए? बधुं चोख्खुं थई जाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जी काळजी होती ती चैतालीला राकेशच्या आवाजातून ओळखीची होती.

"थोडी वार रहो, योगेंद्रभाई," ती म्हणाली आणि बसली. आलेखावरची ती भरलेली पट्टी ती वर्षानुवर्षं बघत आली होती, नव्या माणसाला तिची भीती वाटते हेही तिला माहीत होतं. भरलेली मेमरी हा आजार नव्हे. डेटाबेस ज्या गोष्टी लोक पुन्हा पुन्हा विचारतात त्या डिस्कवरून एकदा वर आणतो आणि हाताशी ठेवून देतो: हा व्यापारी, ही साडी, हा रंग, हा टेम्पो. खाली कोठीत सगळं असतंच, पण कोठीत जाऊन आणायला वेळ लागतो, आणि हाताशी असलेलं डोळे मिटून सापडतं. उरलेली जागाही सर्व्हर रिकामी ठेवत नाही, तिथंही काहीबाही धरून ठेवतो. कुणाला खरंच जागा लागली तर मुकाट्यानं देतो. रिकामी मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी, हे तिनं नव्या मुलांना कितीदा सांगितलं असेल. आज ते मनाशी म्हणताना तिला पलंगाखालची पिशवी दिसली. त्या दोन खोल्यांत माय काडेपेटी न बघता काढते. मिठाचा डबा, देवाची घंटी, मोरीतला तांब्या. गल्लीच्या तोंडाशी दळणाची गिरणी आणि पलीकडे सुंदराकाकूचा उंबरा. त्या खोल्यांत मायला आठवावं लागत नाही, हात पोचतो. बारडोलीच्या अंगणात हात कुठं पोचेल?

पण मग सर्व्हर दोनदा मेला तो का? काहीतरी खरंच खात होतं. तिनं पट्टी सोडून आतली एकेक ओळ बघायला घेतली. हाताशी धरलेलं सामान जिथल्या तिथं होतं, वाढलं नव्हतं. वाढत होता तो कामांचा स्वतःचा खाऊ. घडीखात्यातले, पॅकिंगवाले, फाटकावरचे, हिशेबवाले, जितके लोक पडद्याला बसतात तितकी कामं, आणि प्रत्येक काम वर्गवारी लावायला, याद्या जुळवायला आपल्यापुरती थोडी मेमरी वेगळी मागून घेतं. ती थोडी किती, ते ठरवायचा आकडा मागच्याच आठवड्यात तिनं वाढवला होता. शिल्लक मालाचा एक अहवाल फार रेंगाळत होता, म्हणून. अहवाल सुसाट धावला, योगेंद्रभाईंनी पेढे मागवले. आणि आता तो आकडा बघता बघता चैतालीला आधी कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं आणि मग, एकटीच, हसू आलं. तो आकडा सगळ्या घराचा नव्हता. दरमाणशी होता.

दरमाणशी! दुसऱ्या कुणाला हे उमजायला वेळ लागला असता तर ठीक, पण तिला? तिच्या लहानपणी एका श्रावणात अमळनेरहून सुकदेवकाका त्यांचा सगळा गोतावळा घेऊन उधन्याला आले होते. चुलते, चुलत चुलते, त्यांची मुलं. आप्पांना इतका आनंद झाला की ते मायला म्हणाले, यंदा मूठ जरा मोठी धर, एवढी माणसं आलीत. मायनं मूठ मोठी धरली. एकेक नाव, एकेक मोठी मूठ, आणि सुपाचं टोपलं झालं. कानबाईचे रोट भाऊबंदाबाहेर कुणाला देता येत नाहीत, टाकता तर मुळीच येत नाहीत. सकाळी रोट, दुपारी रोट, गंगाफळाच्या भाजीशी रोट, खिरीत बुडवून रोट. सुकदेवकाका शेवटी शर्टाची बटणं सोडून भिंतीला टेकले आणि म्हणाले, "वहिनी, आते देवीलेच सांग खाई ले म्हनीसन." माय तोंडाला पदर लावून इतकी हसली होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मूठ लहान दिसते, माय नंतर म्हणाली, पन मानसं मोजाले पाहिजेत.

त्याच श्रावणात चैतालीनं विचारलं होतं, माझी मूठ कुठाय? राकेश तेव्हा पाळण्यात, दातही नव्हते त्याला, त्याची मूठ सुपात पडली होती. मायनं तिचे केस मागे सारले. "तुन्ही मूठ तुन्हा सासरले, बेटा." पोरी दुसऱ्या घरच्या, त्यांच्या मुठी तिकडे मोजतात, असं समजवलं. तिनं मानलं. पुढं सासर झालंच नाही. का झालं नाही याची दोन-तीन कारणं होती, आता त्यांतलं एकही तिला पटण्यासारखं वाटत नव्हतं. झालं नाही एवढं खरं. रोट मात्र ती दरवर्षी खात आली, आप्पांच्या मुठीतला, राकेशच्या मुठीतला. चैताली नाव मात्र दर श्रावणात सगळ्यांत आधी उच्चारलं जायचं. आप्पांच्या मुठीवर का होईना. आज सकाळी तिनं आप्पांची मूठ खोडली तेव्हा त्या घरात जिथं एकुलतं एक तिचं नाव यायचं ती जागाही तिनं स्वतःच्या हातानं पुसली होती. पहिलं गेलं, आणि पहिल्याला धरून आलेली बाकीची सगळी नावं गेली. माय चुकत नव्हती. माय एका नावाला धरून दुसरं आणत होती.

"शुं थयुं, बेन? हसो छो के रडो छो?" योगेंद्रभाईंनी विचारलं. ते खरंच काळजीत पडले होते. तिनं डोळे पुसले आणि त्यांना समजेल असं सांगितलं. दरमाणशी मेमरीची मूठ लहान केली, सगळ्यांची. त्या एका अहवालापुरती मोठी ठेवली, तो चालेल तेवढ्यापुरतीच. रीस्टार्टची गरज नाही. "पण ही पट्टी?" पट्टी अजून पंचाण्णववर होती. पट्टी राहू द्या, ती म्हणाली. ते हाताशी धरलेलं सामान आहे. ते सोडायला लावलं तर सर्व्हर दिसायला मोकळा दिसेल, आणि दुपारी फाटकावर टेम्पो लागले की त्याला व्यापाऱ्याचं नावसुद्धा कोठीत उतरून शोधावं लागेल. सगळं पुन्हा वर यायला कितीतरी वेळ जातो. तोवर लोक त्याला आळशी म्हणतील. "भले," योगेंद्रभाई म्हणाले, पण आलेखाकडे त्यांनी एकदा संशयानं पाहिलंच. दुपारच्या गर्दीत पडदे मेले नाहीत. टेम्पो आले, गेले. पट्टी लालच राहिली, आणि चैतालीला तो लाल रंग आज आप्पांच्या बोटांवरच्या रंगासारखा वाटला. तिनं अर्धी रजा टाकली.

मिलच्या फाटकाबाहेर उभं राहून तिनं राकेशला फोन लावला. मागं यंत्रांचा आवाज होता, म्हणून ओरडावं लागलं, आणि जे हळू सांगायचं होतं ते ओरडून सांगण्यात बरंच झालं. "मायला नेऊ नको, राकेश."

"काय झालं आता? तूच हो म्हणालीस ना, ताई?"

"म्हणाले. चुकलं. तिला जे येतं ते त्या खोल्यांत येतं. तिकडे नेलंस तर तिला सगळं पहिल्यापासून गोळा करावं लागेल, आणि आता तिच्याकडून ते होणार नाही."

"आणि तू? तुझी नोकरी? तू एकटी किती पुरणार?"

"नाही पुरणार," ती म्हणाली. हे तिनं आजवर त्याला कधी सांगितलं नव्हतं. "म्हणून तूच ये. रविवारी रविवारी ये, पोराला आण. मी घरून काम करायचं विचारते, दिवसा काकूंच्या सुनेला बसवू. पण माय तिथंच राहू दे. आज मी तिला चुकून एक आठवण सोडायला लावली, तर तिनं तुझंपण नाव सोडलं. माझंही." इथं तिचा आवाज फुटला आणि तिनं तो फुटू दिला. पलीकडून राकेश म्हणाला, "रडू नको ना ताई. उद्या येतो, मग बघू." आणि फोन ठेवता ठेवता, "पिशवी सोडून ठेव तिची."

घरी सुंदराकाकू दारातच बसल्या होत्या. सूप तसंच, डबा तसाच, माय भिंतीला टेकून गव्हाच्या डब्यावर हात ठेवून बसलेली. "कवयनी तशीच बठेल शे," काकू हळूच म्हणाल्या. "दळनं व्हई जातं मन्हा जातावर, पन ती मूठच नही भरी ऱ्हायनी. मी भरू का म्हनं तं देत नही." चैतालीनं पाय धुतले, केस बांधले आणि मायसमोर मांडी घातली. माझी ओळख पटते का, असं विचारायचं नाही हे तिनं रिक्षातच ठरवलं होतं. पटली नाही तर नाही. तिनं सूप मायच्या गुडघ्याशी सरकवलं आणि भीतभीतच म्हटलं, "चैतालीना बाप."

मायनं वर पाहिलं. नुसतंच पाहिलं. मग हात डब्यात गेला, मूठ भरली, वर आली. "चैतालीना बाप," माय म्हणाली, जणू मधली दुपार झालीच नव्हती, आणि गहू सुपात सोडले, वर पाव मूठ. चैतालीनं या वेळी आप्पांना कुठंही पाठवलं नाही. ते तिथं होते, निळी-डाळिंबी बोटं गुडघ्यावर ठेवून. "राकेश," माय म्हणाली. कुणी न सांगता. "प्रज्ञेश." मग सुकदेव, जे आता अमळनेरलाही नाहीत, मग त्यांची मुलं, मग कुणी एक सखाराम, ज्याला चैतालीनं कधी पाहिलं नव्हतं, असेल मायच्या आठवणीतला कुणी, त्याचीही सव्वा मूठ. काकूंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, चैतालीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. रोट जास्त होतील. होऊ देत. उद्या राकेश बटणं सोडून बसेल. सूप भरत चाललं होतं आणि मायचा हात न अडखळता जात-येत होता. चैतालीला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. आपलं नाव नाही आलं तरी चालेल असं वाटण्याइतकं.

नावं संपली. माय थांबली, सुपाकडे बघितलं, पदरानं कपाळ टिपलं. मग पुन्हा डब्यात हात घालून तिनं आणखी एक मूठ भरली आणि ती तशीच धरून समोर बसलेल्या बाईकडे निरखून पाहू लागली.

"तू रोज माले जेवाले वाढस ना?"

"हां, माय."

"मंग तू बी रोट खाशी. तुन्ही मूठ कोठे शे?"

सुंदराकाकू मधेच म्हणाल्या, "अवो, आंडेरनी, पोरनी मूठ नही लेतस."

"खाई ती, आनि मूठ नही?" मायनं काकूंना असं झटकलं की चैतालीला ती मोठी मूठ धरणारी, तोंडाला पदर लावून हसणारी माय क्षणभर दिसली. मग ती पुन्हा चैतालीकडे वळली. मूठ सुपावर धरलेली, नाव घेतल्याशिवाय सोडायची नसते.

"तुन्हं नाव काय शे व, बाई?"

"चैताली."

मायच्या कपाळाला आठी पडली. "ते नाव तं पहिलेच व्हयनं."

"ते आप्पानं व्हतं, माय."

मायनं विचार केला. बाहेर गल्लीत गिरणी सुरू झाली, काकूंनी पाय लांब केले, सुपातून दोन दाणे घरंगळून फरशीवर गेले. "मंग हाई तुन्हं," माय म्हणाली. "चैताली." आणि तिनं मूठ सोडली, आणि वर पाव मूठ घालायला पुन्हा हात डब्यात घातला.